प्रार्थना करणारी प्रोफायलर: एका वाचन अहवालाच्या नोंदी

२ जून, सोमवार

सकाळी संपादकांचा फोन. एक अमेरिकन कादंबरी आलीये, ख्रिश्चन सस्पेन्स, गुन्हेगारांचं प्रोफाइल करणारी (म्हणजे गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगार कसा माणूस असेल ते सांगणारी) बाई हिरॉईन आहे, तीन आठवड्यांत वाचून अहवाल द्या की मराठीत आणावी का, आणि सोबत आठ-दहा पानांचा नमुना अनुवाद. मी विचारलं ख्रिश्चन सस्पेन्स म्हणजे नक्की काय, तर म्हणाले मलाही माहीत नाही म्हणून तर तुमच्याकडे पाठवतोय. मानधनाचं विचारलं तर हसले. हक्कांची बोलणी चालू आहेत त्यामुळे पुस्तकाचं नाव इथे टाकत नाही, हिरॉईनला नुसतं 'ती' म्हणेन. साडेतीनशे पानांची पीडीएफ, फॉन्ट मुंगीएवढा. या नोंदी माझ्यापुरत्याच, कारण अहवाल लिहायला बसलं की कोणत्या पानावर काय वाटलं होतं ते कधीच आठवत नाही.

३ जून

७० पानं झाली. ओहायोतलं छोटं गाव, तीन खून, प्रत्येक घराच्या पायरीवर एक चिठ्ठी. 'ती' आधी एफबीआयमध्ये होती, आता आईच्या आजारपणामुळे गावी परतलीये आणि तिथला शेरीफ तिला मदतीला बोलावतो. इथपर्यंत ठीक, असलं आपण शंभर वेळा पाहिलंय. पण वाचताना सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि पन्नासाव्या पानावर ट्यूब पेटली, अरे या पुस्तकात कोणी शिवीच देत नाहीये! शेरीफ तीन प्रेतं बघतो आणि 'देवा' म्हणतो, तेसुद्धा खरोखर देवालाच उद्देशून. कोणी दारू पीत नाही, थकलेला डिटेक्टिव्ह म्हटला की बाटली लागतेच, हा आपला कॉफीचे मग रिचवतोय.

थोडं शोधल्यावर कळलं की ही लेखिकेची हौस नाही, त्या बाजाराची रीतच आहे. तिकडे ख्रिश्चन पुस्तकविक्रेत्यांनी १९५० मध्येच स्वतःची संघटना काढली, त्यांची दुकानं वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, आणि शिव्या किंवा बेडरूम असलेलं पुस्तक त्या शेल्फवर टिकत नाही. प्रकाशकही वेगळे, नॅशव्हिलचं थॉमस नेल्सन, ग्रँड रॅपिड्सचं झोंडरव्हन, शिकागोजवळ कॅरल स्ट्रीमचं टिंडेल. यातले पहिले दोन आता हार्परकॉलिन्सच्या खिशात, झोंडरव्हन १९८८ ला घेतलं आणि नेल्सन २०१२ ला, म्हणजे धंदा किती मोठा आहे बघा. २००० पासून 'क्रिस्टी' नावाचा खास पुरस्कारसुद्धा आहे या कादंबऱ्यांना. आणि आपल्याला यातलं काहीही माहीत नाही, आपल्याकडे अमेरिकन थ्रिलर म्हणजे विमानतळावर मिळतो तो.

रक्त मात्र चालतं. हे मला गमतीचं वाटलं, चुंबन दोनशे पानं लांबवायचं पण प्रेताचं वर्णन तिसऱ्या पानावर.

५ जून

आज वाचन कमी, डोकेफोड जास्त. 'प्रोफायलर'ला मराठीत काय म्हणायचं? गुन्हेगार-मनोविश्लेषक, गुन्हे-मानसतज्ज्ञ, स्वभावरेखाकार (हा माझा, रात्री साडेअकराचा, माफी असावी). सगळे शब्द सरकारी परिपत्रकातून पळून आल्यासारखे. प्रोफायलरच ठेवणार. एकच अडचण आहे की आपल्याकडे प्रोफाइल म्हणजे डीपी आणि लग्नाच्या साइटवरचा बायोडेटा, तेवढं डोक्यातून जायला दोन चॅप्टर लागतील वाचकाला.

गंमत म्हणजे एफबीआयमध्ये प्रोफायलर नावाची पोस्टच नाही. जे हे काम करतात ते कागदोपत्री स्पेशल एजंट, बिहेवियरल अ‍ॅनालिसिस युनिटमधले. मूळ युनिट, बिहेवियरल सायन्स, १९७२ चं, व्हर्जिनियात क्वांटिकोला मरीन सैन्याच्या तळावर जी अकादमी उघडली तिथलं. हॉवर्ड टेटन आणि पॅट्रिक मुलानी हे दोघं आधी शिकवायचे, आणि वर्गात बसलेले पोलीस आपापल्या गावच्या न सुटलेल्या केसेस घेऊन यायचे, त्यातून हे सगळं उभं राहिलं. मग रॉबर्ट रेस्लर आणि जॉन डग्लस तुरुंगातुरुंगात जाऊन खुन्यांशी बोलायला लागले, एकूण ३६ जण, आणि त्याला नीट अभ्यासाचं रूप दिलं अ‍ॅन बर्जेस यांनी. त्या पोलीस नव्हेत, मानसोपचार नर्सिंगच्या प्राध्यापक. ३६ हा आकडा लक्षात ठेवायचा. 'ती' पुस्तकात जे ठासून सांगत असते ना, की तो तिशीतला असेल, एकटा राहत असेल, गाडी नीट ठेवत असेल, त्या सगळ्या आत्मविश्वासाच्या मुळाशी एवढीच माणसं, आणि तीही पकडली गेलेली आणि बोलायला तयार झालेली. न पकडलेल्यांचं काय?

७ जून

दिवसभर लाइट नाही. काही वाचलं नाही.

८ जून, रविवार

शेजारच्या बाई उपासनेहून परत आल्यावर त्यांच्याकडे गेलो. बाई नगरकडच्या, मिशनच्या शाळेत आयुष्य गेलं, आता वय ७८. मला एक शंका विचारायची होती. कादंबरीत 'ती' अडली की प्रार्थना करते, आणि मग तिला आतून काहीतरी 'सुचवलं' जातं. लेखिकेचा शब्द अगदी साधा आहे पण मराठीत 'अंतःप्रेरणा' म्हटलं की कवी वाटतो आणि 'साक्षात्कार' म्हटलं की बुवा. बाईंनी पाणीसुद्धा विचारायच्या आत सांगितलं, बायबलातलं पहिले राजे एकोणीस काढ. एलीया संदेष्टा डोंगरावर उभा असतो, वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि परमेश्वर त्यातल्या कशातच नसतो, त्यानंतर येते ती 'शांत, मंद वाणी'. झालं, शब्द मिळाला. तिकडच्या वाचकाला तो संदर्भ न सांगता कळत असणार, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकालाही कळेल, बाकीच्यांना निदान सुंदर तरी वाटेल.

मी म्हटलं बाई आठ पानांना आठ दिवस लागणार असं दिसतंय. तर म्हणाल्या, "अरे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यासाठी हिब्रू नि ग्रीक शिकल्या, आणि तुला आठ पानांना घाम?" यावर मी चहा घेतला आणि गप्प बसलो.

१० जून

पान १४०. इथे माझं आणि पुस्तकाचं पहिलं भांडण. 'ती' रात्री प्रार्थना करते, पहाटे उठते आणि तिला कळतं की चौथी चिठ्ठी कुठे असणार. आणि ती तिथेच असते! धागादोरा काही नाही. मी दोन चॅप्टर मागे जाऊन शोधून आलो, खरंच काही नाही.

रहस्यकथेत हे चालत नाही, आणि हा नियम करणारा माणूस पाद्री होता. रोनाल्ड नॉक्स, इंग्लंडमधला कॅथलिक फादर, स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये त्याने डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम सांगितले, त्यात दैवी मदत बाद, आणि डिटेक्टिव्हला कारण न सांगता येणारी अंतःप्रेरणा होऊन ती खरी ठरणं हेही बाद. पुढे याच नॉक्सने लॅटिनवरून सगळं बायबल इंग्रजीत केलं. म्हणजे देवावर श्रद्धा नाही म्हणून दैवी मदत नको असं त्याचं म्हणणं नव्हतं, वाचकाशी लबाडी नको एवढंच होतं.

पण मग विचार करत बसलो की प्रोफायलरच्या सेक्युलर कादंबऱ्यांत तरी दुसरं काय असतं. तिथे हिरो प्रेताच्या खोलीत डोळे मिटून उभा राहतो आणि त्याला खुनी 'दिसतो'. त्याला आपण टॅलेंट म्हणतो. इथे 'ती' डोळे मिटते आणि निदान कोणाला विचारतेय ते सांगते तरी.

११ जून

कालचं पुढे. या धंद्याची जी सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे तिच्यातही थोडा चमत्कारच आहे. न्यूयॉर्कचा मॅड बॉम्बर, पहिला बॉम्ब १९४० चा, वीज कंपनी कॉन एडिसनवर राग, मध्ये युद्धामुळे सुट्टी घेतली (हो, देशभक्तीपोटी!) आणि पन्नाशीच्या दशकात पुन्हा थिएटरं, स्टेशनं. १९५६ मध्ये पोलीस जेम्स ब्रुसेल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले आणि त्याने वर्णन दिलं, शेवटी म्हणे हेही सांगितलं की पकडाल तेव्हा डबल ब्रेस्टेड सूट असेल आणि बटणं लावलेली असतील. जानेवारी १९५७ मध्ये कनेक्टिकटच्या वॉटरबरीत जॉर्ज मेटेस्कीला उचलला, आधी पायजम्यात होता, कपडे बदलून आला तो डबल ब्रेस्टेड सूटमध्ये, बटणं लावून.

काय सीन आहे! फक्त त्याचं नाव सापडलं ते सुटामुळे नव्हे. कॉन एडिसनच्या ऑफिसात अ‍ॅलिस केली नावाच्या क्लार्क बाई जुन्या भरपाईच्या फायली उपसत बसल्या होत्या, त्यातल्या एका फायलीतली भाषा आणि बॉम्बरने पेपरला पाठवलेल्या पत्रांतली भाषा त्यांना सारखी वाटली. आणि सुटाची गोष्ट जगभर झाली ती ब्रुसेलने १९६८ मध्ये आठवणी लिहिल्यावर. अ‍ॅलिस केलीवर कोणी कादंबरी लिहिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मी लिहिली असती, फायलींचा वास मला माहितीये.

१३ जून

पान २३०. गावातलं चर्च आता पुस्तकाचा मुख्य सेट झालंय. पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) प्रेमळ, पाळकांची बायको त्याहून प्रेमळ, रविवारी सगळ्यांनी मिळून जेवायचं, संशय कोणावर तर गावाबाहेर राहणाऱ्या, देव न मानणाऱ्या, दाढीवाल्या माणसावर. अर्थात तो नसणार, एवढं आपल्यालाही कळतं. पण चर्चमधलं कोणी असेल का? लेखिका धाडस करेल का?

हे मनात आलं कारण एक खरी केस विसरता येत नाही. कॅन्सस, विचिटा. १९७४ ते १९९१ मध्ये दहा खून, आणि स्वतःच स्वतःला बीटीके (बांधा, छळा, मारा याची इंग्रजी आद्याक्षरं) नाव देऊन पोलिसांना, टीव्हीवाल्यांना पत्रं. मग गप्प. २००४ मध्ये पुन्हा पत्रं सुरू. त्याने पोलिसांनाच विचारलं की फ्लॉपी पाठवली तर मला शोधता येईल का, खरं सांगा, आणि पोलिसांनी त्याने सांगितल्याप्रमाणे पेपरात छोटी जाहिरात देऊन कळवलं की काही हरकत नाही. त्याने विश्वास ठेवला! फ्लॉपी आली, तिच्यावरच्या पुसलेल्या फाइलच्या माहितीत दोन गोष्टी सापडल्या, 'डेनिस' हे नाव आणि क्राइस्ट लुथरन चर्च. चर्चच्या वेबसाइटवर डेनिस रेडर, मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या) कमिटीचा अध्यक्ष. मुलीच्या वैद्यकीय नमुन्यावरून डीएनए जुळवला आणि २५ फेब्रुवारी २००५ ला घराजवळच पकडला. बायको, दोन मुलं, स्काउटचा लीडर, तीस वर्षं त्याच चर्चमध्ये.

इथे प्रोफाइलने नाही पकडला, चर्चच्या कंप्युटरने पकडला. आणि त्या मंडळीचे पाळक नंतर त्याला तुरुंगात भेटायला जायचे. मी त्या पाळकांचा विचार करत रात्री एकपर्यंत जागा होतो. ज्याच्या शेजारी बसून बजेटच्या मीटिंगा केल्या त्याच्यासमोर काचेपलीकडे बसून काय बोलत असतील?

१५ जून, रविवार

आज पुस्तक बाजूला, अहवालासाठी उलट बाजू. 'तिचं' प्रोफाइल पुस्तकभर एकदाही चुकत नाही आणि हे मला अहवालात लिहावं लागणार. ऑक्टोबर २००२, वॉशिंग्टनच्या आसपास तीन आठवडे स्नायपर, म्हणजे लपून गोळ्या झाडणारा, दहा मेले. टीव्हीवर बसलेले तज्ज्ञ सांगत होते गोरा असेल, एकटा असेल, आणि सगळा मुलूख पांढरी व्हॅन शोधत होता. सापडले ते दोघं, काळे, त्यातला एक १७ वर्षांचा, निळ्या शेव्हरोले कॅप्रिसमध्ये झोपलेले.

त्याहून वाईट लंडनचं. १९९२, विम्बल्डन कॉमनवर एका तरुण आईचा खून, तिचा लहान मुलगा सोबत असताना. मानसशास्त्रज्ञाने केलेलं प्रोफाइल एका माणसाला जुळतंय असं वाटलं म्हणून पोलिसांनी एका महिला पोलिसाला त्याच्याशी प्रेमाचं नाटक करायला लावलं, का तर तो भुलून कबुली देईल. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा पुरावाच फेकून दिला. खरा माणूस रॉबर्ट नॅपर, त्याचा गुन्हा सिद्ध व्हायला २००८ उजाडलं, आणि त्या निर्दोष माणसाला भरपाई मिळाली सात लाख सहा हजार पौंड. मधल्या काळात नॅपरने आणखी एका आईचा आणि तिच्या मुलीचा जीव घेतला होता. प्रोफाइल 'जुळणं' ही किती घसरडी गोष्ट आहे.

१७ जून

संपलं. रात्री अडीचला. आता इथे खुनी कोण ते लिहितोय, माझीच वही आहे.

दाढीवाला नाही. चर्चमध्ये दीड वर्षापूर्वी आलेला, कॉफीचं टेबल सांभाळणारा स्वयंसेवक. म्हणजे चर्चमधलाच ना? नाही! शेवटच्या चाळीस पानांत कळतं की तो कधी 'खरा' विश्वासी नव्हताच, बाहेरून सोंग घेऊन आला होता. मंडळी साफ सुटली. मला इतका राग आला की पीडीएफ बंद केली आणि परत उघडली, कारण दहा पानं राहिली होती.

राग कशाचा तर चौथ्या चॅप्टरमध्ये 'ती' स्वतःच बायबलातलं यिर्मया १७:९ म्हणते. माणसाचं हृदय सगळ्यात कपटी, त्याचा भेद कोणाला कळणार. प्रोफायलर म्हणून घेतलेल्या शिक्षणाच्या बरोब्बर उलट वचन, आणि ते ती टेबलावर चिकटवून ठेवते. मला वाटलं आता काय पुस्तक होणार हे! एकीकडे धंदा म्हणतो माणूस वाचता येतो, दुसरीकडे धर्म म्हणतो येत नाही, आणि ही बाई मध्ये. पण लेखिकेने ते वचन सजावटीला ठेवलं. वचनात 'बाहेरून आलेल्यांचं हृदय' असं कुठे लिहिलंय? विचिटाच्या चर्चला ते वचन फार महागात कळलं, या कादंबरीतल्या चर्चला कळायच्या आतच पुस्तक संपतं.

शेवटची दहा पानं मात्र, खरं सांगतो, चांगली आहेत. 'ती' तुरुंगात त्याला भेटायला जाते, क्षमा करते म्हणते, आणि तो हसतो. बस. तो बदलत नाही. मला वाटलं होतं रडून गुडघे टेकणार. प्रत्यक्षात उलटंही घडलंय, जेफ्री डामर या सीरियल किलरने मे १९९४ मध्ये विस्कॉन्सिनच्या तुरुंगात बाप्तिस्मा घेतला, तिथल्या एका टबात, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या कैद्याने त्याला मारलं. त्याचा बदल खरा होता का यावर लोक अजून वाद घालतात. लेखिकेला ती सोपी वाट होती, तिने घेतली नाही, याचे गुण द्यायला हवेत.

१८ जून

संपादकांना फोनवर थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "प्रार्थना काढून टाकल्या तर? सरळ थ्रिलर म्हणून जाईल, आपल्या वाचकाला धर्मप्रचार वाटायला नको." मी मोजून ठेवलं होतं, प्रार्थना आणि वचनं मिळून साधारण ४० पानं. पण काढल्या तर 'ती' म्हणजे कॉफी पिणारी, शिवी न देणारी, कारण न सांगता बरोबर ठरणारी बाई उरेल. मग पुस्तक कशाला?

आणि मराठी वाचकाला हे नवीन वाटेल असं म्हणणंही खरं नाही. आपली पहिली कादंबरी म्हणून जी शाळेत पाठ केली ती बाबा पदमनजींची यमुनापर्यटन, १८५७ ची, ती ख्रिस्ती कादंबरीच आहे. विधवांचे हाल, प्रवास, आणि शेवट बाप्तिस्म्याशी. परीक्षेत आपण 'सामाजिक कादंबरी' लिहून दोन मार्क घेतले आणि प्रार्थनांची पानं तेव्हाही गाळली. संपादक म्हणाले हे अहवालात लिहा. लिहितो.

२० जून

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, घरात बसून नमुना अनुवाद पूर्ण. शब्दांची मजा इथे उतरवून ठेवतो नाहीतर विसरेन.

'साक्ष' सोन्यासारखा शब्द मिळाला. 'ती' कोर्टात साक्ष देते आणि चर्चमध्ये उभी राहूनही साक्ष देते, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द आणि दोन्ही ठिकाणी तो रोजचा. 'मंडळी' तसं नाही, 'मंडळी घाबरली होती' लिहिलं आणि वाचून पाहिलं तर लग्नातले पाहुणे घाबरल्यासारखं वाटलं. 'तारण', म्हणजे पापातून सुटका, तर विचारूच नका. 'तुझं तारण झालंय का' हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा डोळ्यासमोर पतपेढीतलं सोनेतारण कर्ज आलं. बाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, म्हणाल्या आम्ही लहानपणापासून ऐकतोय, आम्हाला पतपेढीची पाटी बघून चर्च आठवतं.

'कृपा' सगळ्यात अवघड. देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे, असं आपण दुधाच्या पिशवीवरूनही म्हणतो. पुस्तकात तो शब्द येतो तुरुंगाच्या सीनमध्ये, लायकी नसलेल्याला मिळालेलं, या अर्थाने. तिथे मी 'कृपा'च ठेवलं, फक्त आधीच्या आठ पानांत तो शब्द कुठेही येऊ दिला नाही, साधं 'देवाच्या दयेने'सुद्धा बदलून टाकलं. कोणाच्या लक्षात येणार नाही पण मला माहितीये.

२२ जून, रविवार

अहवाल पाठवला, साडेचार पानं. आणावी असं लिहिलंय, दोन अटींवर: प्रार्थनांना कात्री नको, आणि पहाटे सुचणाऱ्या त्या चौथ्या चिठ्ठीबद्दल लेखिकेला निदान विचारावं, एखादा धागा आधी पेरता येईल का. चर्चला सोडून दिल्याचा मुद्दाही लिहिलाय, रेडरच्या केससकट, थोडा जास्तच लिहिलाय बहुतेक.

संध्याकाळी बाईंकडे गेलो. मी त्यांना आठवड्यापूर्वी पहिल्या दीडशे पानांचं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिलं होतं. वाचलंत का म्हटलं, तर चष्मा पुसत म्हणाल्या, "तो कॉफीवाला ना?"

मी उडालोच. कसं ओळखलंत?

म्हणाल्या, "चाळीस वर्षं मंडळीत चहा केलाय मी. चहाच्या टेबलाशी उभ्या माणसाला सगळ्यांच्या घरचं सगळं कळतं, कोणी त्याच्याकडे बघत नाही. आणि हा कप न विसळता ठेवतो बघ, पान ९३."

पान ९३ काढलं. खरंच लिहिलंय. मग अहवालात एक ओळ वाढवून परत पाठवली.